पहिली कयाक घ्यायची आहे : शांत पाण्यासाठी, ठाण्यात राहून

घोडबंदरकर | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. कोलाडला आणि पवना धरणावर भाड्याच्या कयाक (वल्ह्याने चालवायच्या छोट्या होड्या) चालवून झाल्या आणि आता स्वतःची घ्यावी असं मनाने घेतलंय. नेटवर वाचायला लागलो की सगळं अमेरिकेतल्या माणसांसाठी लिहिलेलं सापडतं. त्यांच्याकडे गॅरेज असतं, पिकअप ट्रक असतो, घरामागे तळं असतं.

आमचं असं : कासारवडवलीला अकराव्या मजल्यावर राहतो. गाडी हॅचबॅक, टपावर कॅरियर नाही. आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची लेक. माझं वजन ८८ किलो, बायकोचं ६०, लेकीचं २७. समुद्रात जायचं नाही, उसळत्या पाण्यात तर नाहीच. सकाळी शांत पाण्यावर दोन तास फिरावं, पक्षी बघावेत, थर्मासमधला चहा प्यावा आणि ऊन चढायच्या आत काठाला यावं, एवढीच हौस.

हार्ड प्लास्टिकची घ्यावी की फुगवायची? एकेरी की दुहेरी? लांबी किती? आणि ठाण्याहून जाऊन चालवायची तरी कुठे?

वर्तकनगर४४ | सोमवार, रात्री ११:०५

वाचतोय. हाच प्रश्न माझाही आहे.

पाणकावळा | मंगळवार, सकाळी ६:५०

चांगला धागा. सविस्तर लिहितो.

प्रश्नांचा क्रम बदला. आधी ठरवा की होडी घरी राहणार कुठे आणि ती गाडीपासून पाण्यापर्यंत उचलणार कोण. ही दोन उत्तरं मिळाली की निम्मे पर्याय आपोआप गळतात. साधी एकेरी हार्ड कयाक दहा फुटांच्या आसपास असते, म्हणजे तीन मीटरहून थोडी जास्त. आपल्या इमारतींच्या लिफ्टमध्ये ती शिरत नाही. अकरा मजले जिन्याने चढवणं होणार नाही. मग उरतं पार्किंग, आणि तिथे सोसायटीची परवानगी हवी. वजन २० ते २५ किलो, दुहेरी असेल तर ३० च्या पुढे. आकडा फार वाटत नाही, पण काठावरच्या चिखलातून दोनशे पावलं चालताना हात भरून येतात.

आता प्रकार. पहिला, आत बसायची : पाय होडीच्या पोटात, कमरेभोवती भोक. दुसरा, वर बसायची : वरचा भाग सपाट, बैठकीचा खळगा, आरपार छोटी भोकं. त्या भोकांतून वर आलेलं पाणी आपोआप खाली निघून जातं. पहिली होडी आणि आपलं हवामान, दोन्ही लक्षात घेतली तर वर बसायचीच घ्यावी असं मी ठामपणे सांगेन. थंड देशात पाय कोरडे ठेवायला आत बसायची लागते, आपल्याकडे त्याची गरज नाही. मोठं कारण सुरक्षेचं आहे. आत बसायची रुंद तोंडाची होडी उलटली की पोटात पाणी भरतं आणि ती इतकी जड होते की खोल पाण्यात एकट्याने रिकामी करणं जवळजवळ अशक्य. वर बसायची उलटली तर सुलटी करायची, आडवं धरायचं, पाय झाडत पोटावर चढायचं आणि वळून बसायचं. हे छातीभर पाण्यात, कुणीतरी शेजारी उभं असताना, मुद्दाम उलटवून शिकून घ्या. पहिल्याच दिवशी.

रुंदी ७५ सेंटीमीटरच्या आसपास किंवा जास्त असली की बसल्या बसल्या डुलत नाही. लांबी वाढली की होडी सरळ जाते, कमी झाली की पटकन वळते. आठ फुटांची घेतलीत तर प्रत्येक वल्ह्यासरशी तोंड डावी-उजवीकडे फिरत राहील आणि अर्धी ताकद ते सरळ करण्यात जाईल. नऊ ते अकरा फूट तुमच्या कामाला योग्य.

वहनक्षमतेचा आकडा जसाच्या तसा धरू नका. लिहिलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास थांबावं. त्यापुढे होडी बुडत नाही, पण पाण्यात खोल बसते, जड चालते आणि जरा लाट आली की पाणी आत घेते. तुमचंच गणित करू. बाजारात सहज दिसणाऱ्या इंटेक्स एक्सप्लोरर के२ या फुगवायच्या दुहेरी कयाकची क्षमता १८१ किलो. तुम्ही ८८, लेक २७, सामान दहा किलो, झाले १२५. ठीक. पण तिघं मिळूनच १७५ होता, सामान वेगळं. म्हणजे एका दुहेरी होडीत तिघांनी जायचा विचार सोडून द्या.

ऐरोलीची | मंगळवार, सकाळी ९:२०

पाणकावळादादांच्या 'राहणार कुठे' ला जोरदार अनुमोदन. मी नेमकी त्याच कारणाने फुगवायची घेतली आणि खूप समाधानी आहे. घडी करून पिशवीत जाते, हॅचबॅकच्या डिकीत मावते, घरी पलंगाखाली राहते. फुगवायला दहा-पंधरा मिनिटं.

फुगवायचीतही दोन जाती आहेत. साधीचा तळ गादीसारख्या नळ्यांचा असतो, त्यात हवेचा दाब फार कमी, १ ते दीड पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप). वजनदार माणूस बसला की मधोमध दबते. दुसरीला ड्रॉप-स्टिच तळ म्हणतात : वरच्या आणि खालच्या कापडाला आतून हजारो धाग्यांनी जोडलेलं असतं, त्यामुळे सहा-आठ पीएसआय हवा भरली तरी तळ फुगत नाही, फळीसारखा ताठ राहतो. चालायला खूप फरक. किंमतही बरीच जास्त. ८८ किलोला मी दुसरी सुचवेन, पण बजेट नसेल तर शांत पाण्याला पहिलीही चालते.

आता जे कुणी सांगत नाही ते. फुगवायचीचं खरं काम घरी आल्यावर सुरू होतं. ती वाळवावी लागते, आणि नीट वाळवावी लागते. वरून हात फिरवला तर कोरडी ठणठणीत लागते. पण बाजूची नळी आणि तळ जिथे मिळतात त्या सांध्यात बोट घाला, पाणी असतंच. मी जुन्या सुती पंच्याचं टोक पिळून बारीक करते आणि त्या फटीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेते. दोनदा. सीटखालचे बंद, झडपेभोवतीची कड, तळाच्या पंखाची (होडी सरळ ठेवणाऱ्या पात्याची) खाच, तिथेही तेच. मग अर्धवट फुगवून गच्चीत सावलीला उभी करते. उन्हात नाही, उन्हाने पीव्हीसी कडक पडतं. हे एकदा जरी टाळलं तर आपल्या दमट हवेत चार दिवसांत काळे ठिपके आणि कुबट वास. तो वास जात नाही.

आणि माळ्यावर ठेवू नका. उंदीर.

सीवूड्स_पूर्व | मंगळवार, दुपारी १:१५

दुसरी बाजू मांडतो. फुगवायची वाऱ्याला टिकत नाही. हलकी, उंच कडांची, पाण्यावर नुसती तरंगते. जरा वारा सुटला की तुम्ही एकीकडे वल्हवता आणि ती दुसरीकडे जाते. ज्यांना पुढे ही आवड वाढवायची आहे त्यांनी हार्डच घ्यावी. रोटोमोल्डेड पॉलिइथिलीनची (साच्यात एकसंध ओतलेल्या जाड प्लास्टिकची) होडी खडकावर घासली तरी ओरखड्यापलीकडे काही होत नाही. पाण्यात टाकली की निघालो, फुगवणं नाही, वाळवणं नाही. सकाळचा तो सोन्यासारखा पहिला तास पंप मारण्यात जात नाही.

राहायची सोय म्हणाल तर माझी कयाक घरी नसतेच. पवनेच्या काठी ज्यांच्याकडे मुक्कामाला जायचो त्यांच्या पडवीत आडवी टांगलेली असते. महिन्याला थोडे पैसे देतो, त्यांचे पाहुणे आले तर तेही वापरतात. गाडीवर कॅरियर नको, एक्स्प्रेस वेवर दोर सुटेल ही धास्ती नको. ठाणे-नवी मुंबईच्या माणसाला हा मार्ग फार सोयीचा आहे आणि त्याचा विचार कुणी करत नाही.

एवढं मात्र बघा की ती दोन रुंद पट्ट्यांवर किंवा कुशीवर ठेवलेली असावी. सपाट तळावर महिनोन्महिने उन्हात पडली तर प्लास्टिक मऊ होऊन तळाला खळगा पडतो.

पाणकावळा | मंगळवार, दुपारी २:००

सीवूड्स, वाऱ्याचा मुद्दा मान्य. पडवीची कल्पनाही उत्तम. पण घोडबंदरकरांना वेगवेगळी पाणी बघायची असतील तर एका गावाला बांधून घेणं कितपत आवडेल?

सीवूड्स_पूर्व | मंगळवार, दुपारी २:२०

एकच तलाव वर्षभर बघण्यात जी मजा आहे ती दहा तलाव एकदा बघण्यात नाही, असं माझं प्रामाणिक मत. पाणी उतरत जातं तसा काठ बदलतो, पक्षी बदलतात. पण हा स्वभावाचा भाग झाला.

कोपरीकर | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

एवढं लांब कशाला? ठाणे म्हणजे तलावांचं शहर. मासुंदा, उपवन आहेत. नाहीतर वाशीला सागर विहारला खाडी आहेच. तिथे टाकता येणार नाही का?

ऐरोलीची | मंगळवार, संध्याकाळी ८:०५

कोपरीकर, शहरातले तलाव महापालिकेच्या ताब्यात आहेत. आपली होडी आणून सोडायची तर त्यांची लेखी परवानगी हवी. तिथला रखवालदार हो म्हणाला, एवढ्यावर जाऊ नका.

खाडीबद्दल मात्र कळकळीने सांगते. खाडी म्हणजे तळं नव्हे. पाणी सकाळी गुळगुळीत दिसतं म्हणून फसू नका. मुंबईच्या किनाऱ्याला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. ओहोटी लागली की तुम्ही जिथून उतरलात तिथे अर्धा किलोमीटर नुसता गाळ उघडा पडतो, पाय टाकला तर मांडीपर्यंत आत. होडी ओढता येत नाही आणि चालताही येत नाही. शिवाय ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसर यादीतही (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आला. तिथे आपल्या मनाने होडी घालायची नसते, आणि चरणारे थवे उठवणं हा त्या पक्ष्यांवर अन्याय आहे. फ्लेमिंगो बघायचे तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वन विभागाची बोट जाते, त्यातून जावं.

खारघर_से७ | मंगळवार, संध्याकाळी ९:१०

मोरबे धरण? चौकच्या बाजूला, आम्हाला जवळ पडेल.

पाणकावळा | मंगळवार, संध्याकाळी ९:२५

नाही. ते नवी मुंबई महापालिकेचं पिण्याच्या पाण्याचं धरण आहे. आपल्याच नळाला येणारं पाणी. विषय सोडा.

मावळचा_माणूस | बुधवार, सकाळी ७:४०

राम राम. मी पवनेच्या बाजूचाच, म्हणून थोडं लिहितो.

आमच्याकडे वारा ठरलेला आहे. हिवाळ्यात पहाटेपासून नऊ-दहापर्यंत पाणी काचेसारखं. मग हळूहळू झुळूक येते, आणि फेब्रुवारीनंतर दुपारच्या आत चांगल्या लाटा उठतात. म्हणून फुगवायची असो की हार्ड, निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, येताना वारा पाठीशी घ्यायचा. पाहुणे उलटं करतात. जाताना वाऱ्याने भराभर नेलं की खूश होतात, आणि मग तुंग किल्ल्याच्या बाजूला अडकून फोन करतात.

दुसरं, पाण्याची पातळी. दिवाळीला धरण भरलेलं असतं, गाडी जवळजवळ काठापर्यंत जाते. मे महिन्यात तेच पाणी उताराने खूप खाली गेलेलं असतं आणि मधे भेगाळलेली जमीन नाहीतर चिखल. वजनाचं जे वर लिहिलंय ते मे महिन्यात पटतं. पाणी उतरताना जुन्या बांधांचे दगड, झाडांची खुंटं अगदी पाण्याच्या वरच्या थरापाशी येतात. वाघेश्वराचं मंदिर तर उन्हाळ्यात पूर्ण बाहेर निघतं. फुगवायची घेऊन अशा जागी सावकाश जा, पुढे वल्ह्याने चाचपडत.

पावसाळ्यात येऊ नका. डोंगरावरून ओढे येतात, वारा कुठूनही सुटतो, दोन मिनिटांत समोरचा काठ दिसेनासा होतो.

धरण जलसंपदा विभागाचं आहे, तेव्हा उतरायच्या जागेची परवानगी कुणाची लागते ते आधी स्थानिक माणसाकडून नीट समजून घ्या. हेच पाणी पिंपरी-चिंचवडला प्यायला जातं. काठावर साबणाने भांडी धुवू नका, चहाचे कागदी कप टाकू नका. मासेमारीची जाळी लावलेली असतात, वरून बाटल्या नाहीतर थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसतील. त्यांना वळसा घालून जा. ते कुणाचं तरी पोट आहे.

वर्तकनगर४४ | बुधवार, सकाळी ८:१५

मावळकर, मनापासून धन्यवाद. ही माहिती कुठल्याही व्हिडिओत मिळाली नसती.

तराफा | बुधवार, सकाळी ११:३०

सगळं वाचलं. होडीवर इतकं लिहिलं गेलं, जॅकेटवर कुणीच नाही. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा लांबण लावतो.

जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असतो, म्हणजे ते माणसाला किती जोराने तारतं त्याचं माप. ५० न्यूटन म्हणजे पोहता येणाऱ्या माणसासाठी, काठाजवळ, मदत हाताशी असताना. कयाकवाले हेच वापरतात कारण हात मोकळे फिरतात. पण ते बेशुद्ध माणसाला उताणं करत नाही. १०० न्यूटनचं गळ्याभोवती कॉलर असलेलं जॅकेट शांत पाण्यात तोंड वर ठेवण्यासाठी बनवलेलं असतं. नऊ वर्षांच्या मुलीला, आणि पोहता न येणाऱ्या कुणालाही, हेच. ती पोहायला शिकली असली तरी हेच.

माप घेताना दुकानातच घालून बघा. सगळे बक्कल लावा, पट्टे आवळा, हात वर करा, आणि बायकोला दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. मुलीच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. 'पुढच्या वर्षी होईल' म्हणून मोठं घेऊ नका. शाळेचा गणवेश तसा घेतात, जॅकेट नाही. काही भाड्याच्या ठिकाणी उन्हाने विरलेली, बक्कल तुटलेली जॅकेटं देतात. स्वतःची घेतली की भाड्याच्या होडीतही तीच वापरता येतात. म्हणून मी म्हणतो, होडी दिवाळीला घ्या, जॅकेटं या आठवड्यात घ्या.

अंगात घालायची, सीटमागे अडकवायची नाहीत. शिट्टी जॅकेटला बांधलेली. फोन वॉटरप्रूफ पिशवीत, आणि ती पिशवी स्वतःच्या अंगाला, होडीला नाही.

घोडबंदरकर | बुधवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे किती आभार मानू. तराफासाहेब, बायकोने तुमची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली आणि शनिवारी जॅकेटं आणायला जायचं ठरलं.

होडीबद्दल आमचं असं ठरतंय : फुगवायची दुहेरी, ड्रॉप-स्टिच तळाची, मी आणि लेक. सोबत बायकोसाठी तिथेच एक भाड्याची. हंगामभर असं करून बघू, तिलाही रुची वाटली तर पुढे सीवूड्स म्हणतात तशी एक हार्ड गावात ठेवू. वल्ह्याबद्दल आणि पंपाबद्दल कुणी सांगेल का? सेटमध्ये जे येतं ते पुरतं का?

पाणकावळा | बुधवार, रात्री १०:३०

निर्णय पटला. सेटमधली वल्ही बहुधा आखूड आणि जड असतात. दुहेरी फुगवायची ९० सेंटीमीटरच्या आसपास रुंद असते, तेव्हा वल्हं २४० सेंटीमीटरचं हवं. आखूड असेल तर दर फेरीला बोटं होडीच्या कडेवर घासतात आणि मांडीवर पाणी ठिबकत राहतं. लेकीसाठी मात्र छोटं आणि बारीक दांड्याचं घ्या. तिच्या मुठीत दांडा पूर्ण मावला पाहिजे. दोन तासांत वल्हं हजारो वेळा उचललं जातं, तिथे दोनशे ग्रॅमचा फरक खांद्याला कळतो. पैसे वाचवायचे तर होडीत वाचवा, वल्ह्यात नको. चार तुकड्यांत सुटणारं घेतलं तर तुमच्या डिकीत जाईल.

ऐरोलीची | बुधवार, रात्री १०:५५

पंपाचं मी सांगते. गाडीच्या सॉकेटवर चालणारे स्वस्त पंप गाद्यांसाठी असतात, ते दाब देत नाहीत, नुसती हवा भरतात. बाजूच्या नळ्या त्याने भरा, वेळ वाचतो. ड्रॉप-स्टिच तळासाठी दाबमापक असलेला हातपंपच लागतो, दांडा ओढताना आणि दाबताना, दोन्ही वेळा हवा भरणारा. शेवटचे दोन पीएसआय अंगाचा भार टाकून भरावे लागतात.

भरताना सावलीत भरा. पाण्यात सोडल्यावर आतली हवा गार होते आणि होडी थोडी सैल वाटते. ती गळत नसते, घाबरू नका, चार पंप अजून मारा. उलट, चहाला काठावर थांबलात आणि होडी उन्हात राहिली तर हवा फुगून शिवणीवर ताण येतो. तेव्हा पाण्यातच ठेवा किंवा झडप जरा ढिली करा. आमच्या ग्रुपमध्ये एकाची शिवण अशीच भर दुपारी उसवली.

खारघर_से७ | गुरुवार, सकाळी ७:१०

पंक्चर झालं तर पाण्यात बुडते का? घरून हाच प्रश्न विचारतायत.

ऐरोलीची | गुरुवार, सकाळी ७:३५

नाही. हवेचे कप्पे वेगवेगळे असतात, सहसा दोन बाजू आणि तळ असे तीन. एक गेला तरी बाकीचे तारतात, वेडीवाकडी होते पण काठापर्यंत येता येतं. घेताना तीन कप्पे आहेत याची खात्री करा. ठिगळाचा सेट येतो. ते लावून बारा तास तरी वजनाखाली ठेवावं लागतं, त्यामुळे त्या दिवसाचं वल्हवणं संपलं असं समजायचं.

मावळचा_माणूस | गुरुवार, सकाळी ८:००

घोडबंदरकर, तळाचा पंख लांब असेल तर काठाजवळ चिखलात रुततो. छोटा पंख मिळत असेल तर तोही मागवून ठेवा. डिसेंबरात शनिवार-रविवार आमच्याकडे फार गर्दी असते, जमलं तर मधल्या वारी सुट्टी काढून या. कुठे उतरायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.